मोटर नसलेला पंप

रिझल्ट साठवायला आमच्या लॅबला हार्डडिस्क घ्यावी लागली. किस्से मात्र आपोआप साठत गेले!

रत्नागिरीच्या एका कॉलेजात सावंत सर, माझ्याबरोबर पीएचडी करणारी शमिका आणि मी, असे तिघं मिळून एक पंप बनवतोय. काचेच्या पट्टीत केसाएवढी बारीक वाट, वाटेत पाणी, दोन टोकांना दोन तारा. व्होल्टेज दिलं की काचेलगतचे आयन सरकतात आणि सगळं पाणी सोबत ओढून नेतात. मोटर नाही, पाती नाहीत. कळलं? आम्हालाही रोज कळतं असं नाही.

*

एकदा पाणी हलेना. सरांनी ऑफिसात फोन केला, "आमचा पंप बंद पडलाय." तासाभरात पाना घेऊन मेकॅनिक हजर!

"पंप कुठाय, मॅडम?"

मी काचपट्टी दाखवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. "मोटर नाय, पंखा नाय, वायसर नाय... मग बिघडलंय काय?"



*

मग एके दिवशी पाणी उलटं वाहायला लागलं! प्लसकडून मायनसकडे जायचं, ते मायनसकडून प्लसकडे. सर खूश. "काचेचा विद्युतभारच बदलला! पेपर लिहा!"

दोन पानं लिहून झाल्यावर शमिकाला आठवलं, मायक्रोस्कोपमध्ये सगळं उलटंच दिसतं. त्याआधी मी तारांची अदलाबदल केली होती, आणि सरांनी कोणाला न सांगता पट्टी फिरवली होती. पाणी नक्की कुठे चाललं होतं, हे आजही माहीत नाही.

*

शमिकाने मिरकरवाड्याहून समुद्राचं पाणी आणलं. मीठ जास्त, त्यामुळे करंट वाढला, पट्टी तापली आणि बुडबुडेच बुडबुडे! सर ओरडले, "अगं, पंप बनवतोय की सोडा?"

*

आईने सगळीकडे सांगितलं, "मुलगी पंपावर असते." चिपळूणहून एक स्थळ आलं. मुलाच्या काकांनी विचारलं, "पंप स्वतःचा, की चालवायला घेतलाय?"

मी फोन घेतला. "काका, पंप केसाएवढा आहे."

काका म्हणाले, "मग गाड्या कुठं उभ्या करता?"

*

आणि ती प्रोजेक्ट तपासायला आलेली कमिटी! प्रोजेक्ट पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्या दिवशी ठरणार होतं. पाणी सरकतंय हे दिसावं म्हणून त्यात रंगाचे बारीक कण सोडले होते. अध्यक्ष मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. कण ढिम्म! सरांनी व्होल्टेज वाढवलं. काही नाही. आणखी वाढवलं. काही नाही. शमिकाने माझा हात घट्ट धरला.

आणि लाईट गेली!

संपलं, असं मला वाटलं. अध्यक्षांना सवय असावी. त्यांनी शांतपणे मोबाईलचा टॉर्च पट्टीखाली धरला आणि एकदम म्हणाले, "अरे वा! चाललं की!"

आम्ही एकेक करून डोळा लावला. कण एका रांगेत, झपझप निघाले होते! तारा होत्या तिथेच, व्होल्टेजचा मीटर मात्र शून्यावर.

अध्यक्षांनी पेन काढलं. "उत्तम! वीज किती खातो हा?"

अंधारात सरांचा आवाज आला, "सध्या तरी... फारच कमी!"