कचेरीपुरता पट्टा

माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांना अंतर्गळ होता. आज मी हे सरळ लिहिते आहे, पण त्या वेळी घरच्या भिंतींनाही सांगायची सोय नव्हती. डाव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा, आडवं झालं की आत जायचा, आणि हे म्हणायचे, "वायू आहे." दोन वर्षं वायू! लिंबाचा पेरू झाला तरी वायूच.

वायू म्हटल्यावर उपायही तसलेच. आधी एका म्हातारीकडून पोट चोळून घेतलं. मग कल्याणच्या एका वैदूने, दुखणं डाव्या बाजूला म्हणून, उजवा कान वरच्या कडेला टोचून त्यात कडी घातली. त्याने गुण येईना तेव्हा पायाच्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! कानात कडी, पायात तार, आणि वर इच्छा अशी की लोकांना काही कळू नये.

शेवटी मी अन्न टाकलं तेव्हा हे सरकारी दवाखान्यात यायला तयार झाले. डॉक्टर आपल्याकडचेच, मुंबईत शिकलेले. मी दाराआड उभी राहून शब्दन् शब्द ऐकला.

"जुनं धोतर एखाद्या जागी विरतं ना, तशी तुमच्या पोटाची भिंत तिथे विरली आहे," डॉक्टर म्हणाले. "जोर केला की त्यातून आतडं बाहेर येतं. कान टोचून ती भिंत कशी सांधणार? हा पट्टा घ्या. याने रोग बरा होत नाही, आतडं आवरून धरलं जातं, इतकंच. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच बांधायचा. ओझं उचलायचं नाही. आणि बाहेर आलेलं आत जाईना, दुखायला लागलं, उलटी झाली, तर दाबत बसू नका, तडक इथे या. आतड्याला फास बसला की त्याला रक्त मिळत नाही, ते सडतं. वेळेत आलात तर कापून फास सोडवता येतो. उशीर केलात तर माणूस जातो."

पट्टा चांगला होता. आत पोलादी पट्टी, पुढे गादी, आणि सगळ्यावर चामडं. झालं! चामडं अंगावर ठेवून सोवळं कसं नेसणार? म्हणून हे पहाटे पट्टा न बांधता उठायचे, आंघोळ करून मुकटा नेसायचे, परसातल्या आडावरून देवासाठी चार कळश्या पाणी ओढायचे, पूजा करायचे, जेवायचे, आणि मग मुकटा सोडून पट्टा बांधून कचेरीत जायचे. तिथे दिवसभरात उचलायचं सगळ्यात जड ओझं म्हणजे बोरू!

"अहो, पाणी मी काढते," मी म्हणायची.

"आमच्या घरात देवाचं पाणी पुरुषाने काढायचं असतं."

"मग पट्टा रेशमात शिवून देते."

"आत चामडं ते चामडंच. तुला शास्त्रातलं काय कळतं?"

माजिवड्याहून भाजी घेऊन येणाऱ्या किरिस्तावणीच्या नवऱ्याला हाच रोग होता. तो पट्टा बांधून शेतात राबायचा आणि विचारेल त्याला दाखवायचा. तिला शास्त्र ठाऊक नव्हतं, म्हणून तिचं बरं चाललं होतं. मी हे यांना ऐकवलं तेव्हा दोन दिवस अबोला झाला.

मग पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. त्या दिवशी चाराच्या दहा कळश्या झाल्या. दहाच्या सुमारास हे आडावरून आले ते जांघ धरून. चेहरा पांढरा पडलेला. आत जाऊन आडवे झाले, पण गाठ आत जाईना.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? ब्राह्मण येऊन बसलेत. कर्ता उठून गेला तर श्राद्ध मोडेल. ते जेवून उठेपर्यंत कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. शपथ आहे तुला माझी."

हे पाटावर जाऊन बसले. घामाने मुकटा भिजला होता. मध्येच परसात जाऊन ओकून आले, पुन्हा आंघोळ केली, पुन्हा बसले. मी पाहिलं. उलटी म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पानं मांडली, वडे तळले, खीर वाढली. कोणी मागितलं नसतानाही आग्रह केला.

ब्राह्मण दक्षिणा घेऊन गेले तेव्हा तीन वाजले होते. शेजाऱ्यांच्या छकड्यातून यांना नेलं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं.

"कधीपासून आहे?"

"आत्ताच. तास झाला असेल," हे कण्हत म्हणाले.

"सकाळी दहापासून," मी दारातून म्हटलं. परक्या पुरुषाशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. "उलटीही झाली."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, मग इतका वेळ काय करत होतात?"

"वाढत होते," मी म्हटलं.

ते हात धुवायला वळले. क्लोरोफॉर्म देऊन कापलं. आतडं काळवंडलं होतं पण सडलं नव्हतं, म्हणून हे वाचले. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं.

यांच्या हट्टाची ही गोष्ट पुढे मी आल्यागेल्याला तिखटमीठ लावून सांगायची. हे सुपारी कातरत ऐकायचे आणि हसायचे. माझ्या त्या वाढण्याबद्दल ते अखेरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एकदा तरी बोलायला हवं होतं. मग मला निदान भांडता आलं असतं.