आवाज बंद करून पाहिलेली लढत

मी पैसे घेऊन बॉक्सिंग खेळलो ते उणीपुरी दोन वर्षं. त्याआधी कॉलेजात डोक्याला टोप बांधून, अंगात बनियन घालून खेळायचो. पुढे दिग्रसला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं आणि हात तांब्याच्या तारेत अडकले. कापसाचे ते वाईट दिवस होते. विहिरीवरची मोटार जळाली तरी लोक ती दुरुस्तीला आणायचं लांबवायचे. एरवी हंगामात सरकी काढायच्या जिनिंगपुढची कापसाच्या गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत यायची, ती आता फाटकाच्या आतच संपायला लागली होती. एक जिनिंग तर त्या वर्षी सुरूच झाली नाही. तिच्या रिकाम्या शेडमध्ये नागपूरच्या एका आयोजकानं रिंग उभी केली आणि तिकीट लावून व्यावसायिक लढती ठेवल्या. गावचा म्हणून शेवटची लढत माझी.

समोरचा मारेगावकडचा होता. कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा. माझ्यापेक्षा बुटका, खांद्यांनी भरलेला. जवळ घुसायचं आणि पोटा-बरगड्यांवर मारायचं हा त्याचा खेळ. मी लांब हातांचा. दुरून डावा हात फेकत राहायचो.

शेड पत्र्याची होती. लोक रिकाम्या ओट्यांवर, भिंतींवर, बंद यंत्रांवर चढून बसलेले. माझा डावा सुटला की आवाज छताला जाऊन भिडायचा, मग तो डावा लागलेला असो की नसो. तो आत घुसून बरगड्यांवर ठोसे घालायचा तेव्हा मात्र शेड गप्प व्हायची आणि मला माझाच श्वास ऐकू यायचा. सहा राउंड पुरे झाले. तीन पंचांपैकी दोघांनी कौल मला दिला, एकानं त्याला. रेफरीनं माझा हात वर केला.

रीतीप्रमाणे मी त्याच्या कोपऱ्यात गेलो. तो हाताच्या पट्ट्या सोडत बसला होता. रागावलेला दिसत नव्हता. एखादं गणित चुकलेल्या माणसासारखा चेहरा करून म्हणाला, "भाऊ, एक सांग. म्या तुले मारलं तं कोणी काहीच बोलत नोतं. तू माह्या ग्लोव्हले हात लावला तरी पत्रे हालून राह्यले होते. मधात तं मले वाटाले लागलं, का माहे ठोसे लागूनच नाई राह्यले."

"लागून राह्यले होते," मी म्हटलं. "चांगले लागून राह्यले होते."

"मंग मले काहून नाई समजलं?"

मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि घरी निघालो.

माझं घर जिनिंगच्या मागच्याच गल्लीत. पोरगा तान्हा होता, म्हणून बायको लढतीला आली नव्हती. दारातच म्हणाली, "जिंकले नं? मले घरूनच समजलं."

"कसं?"

"आवाजावरून. तुमीच मारून राह्यले होते सारखे."

मग मी सदरा काढला. उजव्या बाजूच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. ती पाहत राहिली. "अन हे कोनं केलं मंग?" असं म्हणून हळद गरम करायला आत गेली.

लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सगळी लढत कॅसेटवर घेतली होती. ती आम्ही दोस्तांनी दुकानात मिळून पाहिली, आणि मी जिंकलो होतो यात कुणालाच शंका वाटली नाही. मलाही नाही. नंतर एका दुपारी मी ती घरी लावली. पोरगा नुकताच पाळण्यात झोपला होता. बायको म्हणाली, "आवाज बंद करा, आताच डोया लागला त्याचा."

मी आवाज बंद केला आणि पाहायला लागलो. थोड्या वेळानं पुढे सरकून टीव्हीजवळ बसलो. एक उंच माणूस छान नाचत होता आणि समोरच्याच्या ग्लोव्ह्जवर ठोसे मारत होता. एक बुटका माणूस खाली मान घालून, विहीर खोदावी तसा त्या उंच माणसाच्या पोटात खणत होता. मी टेप मागे नेली, पुन्हा पाहिली. लढत तीच होती, पण त्या दिवशी मी जी खेळलो ती ही नव्हती.

त्याहून जास्त मला गुंतवून ठेवलं ते रेफरीनं. आम्ही एकमेकांना भिडलो की मारेगाववाल्याचा एक हात मोकळा असायचा आणि तो मोकळ्या हातानं मारत राहायचा. नियमात ते बसतं. पण रेफरी लगेच मधे शिरून आम्हाला सोडवायचा, आणि सोडवण्याआधी क्षणभर त्याची मान लोकांकडे वळायची. पहिल्यांदा मला वाटलं, घाम पुसत असेल. मग दुसऱ्या राउंडमध्येही तेच दिसलं, चौथ्यातही. रेफरी बाहेरगावचा होता. गावात त्याचं कुणी नव्हतं, मला तो ओळखतही नव्हता. मग माझ्यासाठी त्यानं हे कशाला करावं?

ज्या दोन पंचांनी मला जिंकवलं होतं त्यांतले एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते, बोरी अरबला राहायचे. कॅसेट पिशवीत घालून मी एसटीनं त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "सर, रागावू नका. एकदा आवाज बंद करून पाहा."

सर कडक माणूस. मला वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं गुण मांडत सगळी लढत शेवटपर्यंत पाहिली. मधे चहा आला तो तसाच गार झाला.

"शेवटचे दोन राउंड मी तुला दिले होते," ते म्हणाले. "आज दिले नसते."

"मंग सर, निकाल?"

"माझ्या हिशोबानं तो जिंकला." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पण एक लक्षात घे. कॅमेरा होता तुझ्या कोपऱ्याकडे. मी बसलो होतो समोरच्या बाजूला. तिथून त्याचे कितीतरी ठोसे मला तुझ्या पाठीआड गेले असतील. म्हणजे आजचं सगळं खरं आणि त्या दिवशीचं सगळं खोटं, असं मी म्हणणार नाही."

मी भीत भीत विचारलं, "आवाजाचा काही परिणाम झाला असंन का, सर?"

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "त्या दिवशी लोक ओरडत होते हे मला आठवतच नाही. मला वाटत होतं, मी अगदी शांतपणे पाहतोय. त्याचंच नवल वाटतं."

हे त्या मारेगाववाल्याला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो खाणीवरची पाळी संपवून आंघोळ करून बसला होता. कानामागे कोळसा तसाच होता. रेफरीची मान, सरांचं बोलणं, सगळं त्यानं लक्ष देऊन ऐकलं. निकालाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याला वेगळंच हवं होतं.

"पुढच्या महिन्यात पैनगंगेपल्याड लढत हाय माही," तो म्हणाला. "तिथलाच पोट्टा हाय समोर. सारे लोक तेलुगू. तू चालशीन?"

"कायले?"

"आवाज कराले. पाहू तं खरं काय होते."

गेलो. शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. मी त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो, पण राउंड चालू असताना कोपऱ्यातल्या माणसानं ओरडायचं नसतं. पहिल्याच राउंडला मला दटावलं गेलं. मग बादली त्याच्या खाणीवरच्या सोबत्याकडे दिली आणि मी लोकांत जाऊन बसलो.

मला त्यांचा एक शब्द कळत नव्हता, त्यांना माझा कळत नव्हता. पण त्याचा ठोसा बरगडीवर बसला की मी ओरडायचो, "बसला, बसला." आधी लोक वळून माझ्याकडे पाहायचे, हसायचे. मग माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहायचं सोडून रिंगकडे पाहायला लागले. मी ओरडलो की त्यांची नजर बुटक्याच्या हातावर जायची आणि ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे. चौथ्या राउंडपर्यंत आमच्या रांगेतले पाच-सहा जण त्याचे ठोसे बघत होते. ते काही त्याच्या बाजूचे झाले नव्हते. एवढंच, की ते ठोसे आता त्यांना दिसायला लागले होते.

मी खुशीत आलो. आणखी जोरानं ओरडायला लागलो. एकदा त्याचा हात समोरच्याच्या कोपरावर अडलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि पाहता पाहता माझ्या तोंडून "बसला" निघून गेलं होतं. मी मुद्दाम केलं नव्हतं. तोंड डोळ्यांच्या पुढे निघून गेलं.

निकाल बरोबरीचा लागला. एका पंचानं कौल त्याला दिला, एकानं गावच्या पोराला, आणि तिसऱ्यानं दोघांना सारखे गुण दिले. मांडवातून थोडे शिव्याशाप ऐकू आले, पण लोक शांतपणे पांगले. शेजारच्या म्हाताऱ्यानं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. शाबासकी होती की तक्रार, ते मला आजही माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. ओठ सुजला होता, म्हणून केळं बारीक बारीक तोडून खात होता. पूल ओलांडल्यावर त्यानं विचारलं, "तू तं पाहून राह्यला होता. खरं सांग, म्या जिंकलो होतो का?"

माझा घसा पार बसला होता. कसंबसं म्हटलं, "मले काय मालूम? मी तं ओरडून राह्यलो होतो."

तो हसायला गेला, ओठ दुखला, तसा हात तोंडावर धरून हसत राहिला. मग म्हणाला, "याची कॅसेट कोनं काढली असंन का?"

"नाई," मी म्हटलं. "म्या विचारलं होतं."