रस्ता कसा आहे, एवढंच विचारलं

सांगणार नव्हते, पण तुम्ही चहा ठेवलाच आहे आणि विषय दोघांनीच फिरायला जाण्याचा निघाला आहे, तर ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी बाजू घ्यावी असं काही येत नाही.

लग्नाला चार महिने झाले होते. रोह्यातलं आमचं घर माणसांनी भरलेलं आणि निलेशची कंपनीत शिफ्ट. तो रात्रपाळी करून यायचा तेव्हा मी भाकऱ्या थापत असायचे. मी मोकळी व्हायचे तेव्हा तो घोरत असायचा. नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते व्हॉट्सअपवर. एकाच घरातून!

मी कमी बोलते, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तीन दिवस, दोघंच, स्वतःच्या गाडीने. आधी नाशिककडचे द्राक्षमळे. तिथे एका ठिकाणी खोली मिळाली, व्हरांड्यातून समोर नुसत्या वेली, आणि संध्याकाळी वाइन कशी करतात तेही दाखवणार होते. येताना अलिबाग, रेवदंडा असं समुद्राच्या कडेने घरी. त्या व्हरांड्यात फोटो काढायला म्हणून मी एक निळा ड्रेससुद्धा घेतला.

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं नाक मुरडतील. त्या उलट जवळ सरकून म्हणाल्या, "जावा गो. पन वाटंत कुनाला काय सांगू नुको. नायतर पोचायची नाय."

मला वाटलं नजर लागेल म्हणून म्हणतायत. आणि मी तरी कुणाला काय सांगणार होते? मी फक्त रस्ता विचारला.

कारण मोबाइलमधली बाई "सरळ जा" एवढंच म्हणते. आमच्या हायवेवर कुठला पूल अर्धा आहे, कुठे वाहनं उलट बाजूला वळवली आहेत, हे तिला काय माहीत? म्हणून सगळं धैर्य गोळा करून मी खांबला निलेशच्या आत्यांना फोन लावला. त्यांचं घर हायवेलाच आहे.

"आत्या, तिकडे रस्ता कसा आहे हो सध्या?"

"बरा हाय. का गो?"

"काही नाही, शुक्रवारी आम्ही तिथून जाणार आहोत."

"दोघं?"

"हो."

"किती वाजता?"

"आठ-साडेआठपर्यंत."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इतकं थोडक्यात बोलणारी बाई सासरच्या नात्यात मला पहिल्यांदाच भेटत होती. हुरूप आला. लगेच कासूला निलेशच्या मामांना लावला. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं.

आता मी पुण्याहून आलेली सून असते तर एक वेळ माफ होतं. मी पेणची आहे हो! नवं जोडपं पहिल्यांदा दारात आलं की भाकरतुकडा ओवाळायचा, जेवू घालायचं, ओटी भरायची, साडी द्यायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आणि अमुक वाजता तुमच्या दारावरून जाणार असं नव्या नवरीने कळवणं, म्हणजे चूल पेटवून ठेवा असं सांगणंच. पण द्राक्षांच्या नादात माझं डोकं चाललं नाही.

शुक्रवारी निघालो. खांबला अर्ध्या पुलाखाली आत्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, हात आडवा करून. निलेशने ब्रेक दाबला.

"आत्या, आम्हाला नाशिकला पोचायचंय," तो काच खाली करून म्हणाला.

"नाशिक काय पळून चाललंय? कोंबडं पाटंचं कापलंय मी. उतर."

सकाळी साडेआठला कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या कधी खाल्ल्यायत का तुम्ही? पहिली भाकरी चवीने जाते. दुसरी नात्याखातर. तिसरी वाढताना आत्या म्हणाल्या, "लाजतंय पोर." मग ओटी भरली आणि एक केशरी साडी हातात ठेवली.

"छान आहे, आत्या."

"छान हाय तर नेस की. ही अशी ड्रेसात जाशील व्हय माझ्या दारातनं?"

अंगावरचा निळा ड्रेस घडी होऊन पिशवीत गेला.

गाडीत निलेशचं पोट स्टिअरिंगला टेकत होतं. त्याने विचारलं, "तू नक्की काय बोललीस आत्याशी?"

"रस्ता कसा आहे, एवढंच."

"आणि वेळ सांगितलीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"अजून कुणाला विचारलायस रस्ता?"

मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

कासू आलं की गाडी पळवायची आणि मी सीटखाली वाकायचं, असं ठरलं. मी वाकलेसुद्धा. पण वळणावरच मामा प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, आणि गाडीचा नंबर त्यांना पाठ होता. काचेवर टकटक करून ते म्हणाले, "सूनबाय, काय हरवलंय का खाली?"

मामांचं घर खाडीच्या अंगाला, मागे मिठागर. जेवायला जिताडं होतं. एवढा मोठा मासा मामींनी फक्त आमच्यासाठी आणलेला, नाही कसं म्हणणार? मी घास ढकलत होते आणि मामा मायेने चौकशी करत होते.

"तिथं नाशकात काय बगनार?"

"द्राक्षांचे मळे."

"आन् मग?"

"वाइन कशी करतात ते दाखवतात."

"नुसती दाखवतात?"

निलेशने मान खाली घातली. मामा माझ्याकडे सरकले. "मग माजं ऐका. ऱ्हावा हितंच. नुसतं बगायचं तर मिठागर काय वाईट हाय?"

"तुमी गप बसा," मामी आतून म्हणाल्या आणि हिरवी साडी घेऊन बाहेर आल्या. "ही नेस गो. खांबची नेसून कासूतनं गेलीस तर लोक म्हनतील मामाला साडी जड झाली."

दुसऱ्यांदा साडी बदलली. दुपार टळली होती. तरी माझा हट्ट तसाच. पेण सोडलं की सरळ नाशिक, रात्री का होईना, मी त्या व्हरांड्यात बसणार. आईला मी मुद्दामच कळवलं नव्हतं.

आणि तेवढ्यात आईचा फोन आला. मामींनी विहीणबाईंना सगळं सांगितलं होतं.

"खांबला कळवलंस. कासूला कळवलंस," आई अगदी शांतपणे म्हणाली. "पेण रस्त्यात लागत नाही वाटतं तुझ्या?"

ओरडली असती तर मी पुढे गेले असते, खरंच सांगते. निलेशने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता गाडी पेणमध्ये वळवली. आईने मोदक केले होते. साडी जांभळी होती.

तिसरा मोदक हातात असताना द्राक्षमळ्यावरून फोन आला. "मॅडम, कुठपर्यंत पोचलात?"

"पेणला."

"ते नाशिकपासून किती लांब?"

"सकाळी घरून जेवढं लांब होतं, साधारण तेवढंच," मी म्हटलं आणि खोली रद्द केली.

रात्र पेणलाच काढली आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कंबर कसली. द्राक्षं गेली तर गेली, समुद्र सोडणार नाही. दोन्ही मोबाइल बंद केले. कुणाला फोन नाही, कुणाला रस्ता विचारायचा नाही, चुकलो तर चुकलो. आणि पोचलो हो रेवदंड्याला! निळा ड्रेस घालून वाळूत बसले. कुणी वाढत नव्हतं, कुणी ओवाळत नव्हतं. निलेशला वांगं अजिबात आवडत नाही हे मला तिथे कळलं. चार महिने मी त्याच्या डब्यात तेच भरत होते. तो म्हणाला, "सांगायला वेळच मिळाला नाही." दोघंही इतकं हसलो की मला तो व्हरांडा आठवलासुद्धा नाही.

निघायला गाडीपाशी आलो तर शेजारी एक गाडी येऊन थांबली. नाशिकचा नंबर. आत आमच्यासारखंच नवं जोडपं, तिच्या हातात हिरवा चुडा. तिने काच खाली केली.

"ताई, आम्ही समुद्र बघत बघत चाललोय. इथून रोह्याकडे रस्ता कसा आहे हो?"

माझ्या तोंडून काय निघावं?

"बरा आहे. दोघंच का?"

"हो."

"किती वाजता पोचाल?"

निलेशने कपाळाला हात लावला, तोवर मी त्यांना आमचं घर, गल्ली, दाराचा रंग सगळं सांगून मोकळी झाले होते. "जेवल्याशिवाय पुढे जायचं नाही," असंही म्हणाले. आवाज माझाच होता, पण बोलत आत्या होत्या.

आमच्या पाठोपाठ ती दोघं रोह्याला आली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मी वालाचं बिरडं केलं. ती पोरगी "ताई, बास, आम्हाला आज हरिहरेश्वरला पोचायचंय" म्हणत होती आणि मी तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकत होते.

ओटी भरताना निलेश कानाशी येऊन म्हणाला, "आता साडी कुठून आणणार?"

डिकीत तीन होत्या. केशरी तिला खुलून दिसली. नेसूनच पाठवली मी तिला. आत्यांना तेवढं सांगू नका.