शिळ्या मातीची भुलाबाई

माय गेली तवापासून मी देवापुढं हात जोडले नाई. दिवा लावत होती, पन अंगन झाडतो तसा, रोजचं काम म्हनून. देवावर राग नवता. पन तिकडं ऐकनारं कोनी हाय असंच वाटेना. मी दुसरीपर्यंत शिकेल बाई, मले फिरवून सांगता येत नाई. नात लिहून घेऊन राहिली, जसं झालं तसं सांगतो.

आमचं गाव चांदूर बाजारापासून जवळच. घरधनी गेले तवा पोरं लहान होती. लोकायच्या वावरात निंदाले गेली, संत्र्याच्या बगीच्यात तोडाईले गेली, पोरं मोठी केली. मायले माह्याशिवाय कोनी नवतं. ती एका हिवाळ्यापुरती आली अन् वीस वर्षं राहिली. कामाच्या रगाड्यात आमा दोघींची एकच हौस होती, भुलाबाई करायची. भादव्याच्या पुनवेले पार्वती माहेरी येते. तिले आमच्याकडं भुलाबाई म्हनतात, अन् महादेवाले भुलोजी. दोघायची मातीची मूर्ती कोनाड्यात बसवायची. कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोट्ट्या रोज येतात, गानी म्हनतात, अन् डब्यात झाकेल खिरापत कोनती ते ओळखतात. बाकीचे लोक मूर्ती विकत आनत, आमी घरी करो. दोन विधवा बाया सौभाग्याचा देव करून राहिल्या म्हनून लोक नावं ठेवत. माय म्हने, "माती काही कपाळाचं कुंकू पाहून हातात येत नाई."

आमची वाटनी ठरेल होती. माती माय मळे, धड मी करो, तोंड माय करे. शेवटच्या सात-आठ वर्षांत तिले दिसत नवतं, तरी तोंड तीच करे, अंगठ्यानं चाचपून चाचपून. मी रंग देत जाओ. वीस वर्षांत मी एकबी नाक केलं नाई.

आखाडात ती अमरावतीच्या दवाखान्यात होती. तिनं मले जवळ बोलावलं. मले वाटलं, काही मनातलं सांगन. तं म्हने, "यंदा बाईले बसवजो. कोनाडा रिकामा ठेवू नको." दुसऱ्या दिवशी गेली.

दरवर्षी उरेल माती माय मडक्यात ओल्या फडक्याखाली ठेवे. मले वाटे काटकसर हाय. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तिनं त्या गोळ्यावर पानी शिंपडलं होतं अन् हातानं दाबून ठेवला होता. तिची पाचही बोटं त्याच्यावर उमटेल होती. तेरवी झाल्यावर तिचं लुगडं देल्लं, काठी देल्ली, पांघरायची वाकळबी देल्ली. गोळा मातर कोनाले दाखवला नाई. दोन टाईम त्याच्यावर पानी शिंपडो. सुकला असता तं बोटायच्या खुना तडकून उलून गेल्या असत्या. सकाळी उठली की पयले तो पाहो, मंग चूल पेटवो.

पोळा झाला. मायचा शब्द होता, म्हनून मी वावरातली काळी माती आनली, गावठानातली पांढरी आनली, कापूस कुटून मिळवला. पयल्या बारीले भुलाबाईचं कपाळ उललं. दुसऱ्या बारीले नाक गळून पडलं. तिसऱ्या बारीले तोंडाचे सरळ दोन भाग झाले. माही जाऊ शेजारीच राहते, ती पाहाले आली. म्हने, वर्ष फिरलं नाई अन् सन करून राहिली, बाई तरी कशी बसन. मलेबी वाटलं, देवाचंच नाई म्हननं असन.

पुनवेले चार दिवस राहिले तवा मी एसटीनं अमरावतीले निंगाली, तयार मूर्ती घ्याले. मायनं जन्मात विकतची बसवली नवती. पन कोनाडा तं रिकामा राहनार नाई, अशी मनाची समजूत घातली. स्टँडवरून ऑटोत बसली. बाजूले माह्याच वयाची एक बाई होती, मांडीवर झेंडूच्या फुलायची टोपली. ती माह्या हाताकडं पाहे. नखात माती होती, मले लाज वाटली, हात पदराखाली घेतला.

"भुलाबाई उलली काय, बाई?" ती म्हने.

मी चमकलीच. तीनदा उलली म्हनून सांगतलं. तं तिनं मले असं समजावलं जसं नव्या सुनेले समजावतात. ताजी काळी माती उलतेच. दुधाले विरजन लागते तशी ताज्या मातीले शिळी माती लागते, वर्षभर मुरेल. घरी जुना गोळा नाई काय, म्हने. मी म्हटलं हाय, पन तो मायच्या हातचा हाय. माय गेली अन् त्याच्यावर तिची बोटं हायेत. एवढं मी तोवर कोनाजवळच बोलली नवती.

चौकात ऑटो थांबला. ती टोपली घेऊन उतरली अन् मागं वळली.

"मंग तुह्या मायनं तो कोनासाठी मुरवला, बाई?"

अन् गेली गर्दीत. मी तिचं नाव पुसलं नाई, गाव पुसलं नाई. कोनी कुंभारीन असन, कोनी माळीन असन. मी ऑटोवाल्याले म्हटलं, गाडी फिरव बाबू, स्टँडवर ने. तो म्हने, आजी, बाजार तं पुढं हाय. म्हटलं, माहं काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं अंगनात आनलं. गोळा पाटावर ठेवला. पाच बोटं होती तशीच होती. मी त्या खुनायमंदी माही बोटं ठेवून पाहिली, बरोबर बसली. मंग गोळा फोडला. माह्याच अंगठ्याखाली एक एक खुन मिटली. नवी माती घातली अन् दोन्ही अशा मळल्या का जुनी कोनती, नवी कोनती, मलेबी सांगता येऊ नये. रडू आलं नाई. हात चालू होते.

तोंडापाशी आली अन् थांबली. नाक कसं काढतात मले ठाऊक नवतं. मी डोळे मिटले. लय दिवसांनी देवाले म्हटलं, मले येत नाई, तू कर. मायसारखीच चाचपत गेली. डोळे उघडले तं बाई माह्याकडं पाहून राहिली होती. सावलीत वाळवली. एक चीर गेली नाई. जाऊ पाहाले आली, बाईजवळ वाकली, अन् म्हने, "नाक तं तुह्यासारखं बसकं झालं वो." मंग पयल्या दिवसाची खिरापत तिनंच करून आनली. तिच्या डब्यात काय होतं ते पोट्ट्यायले शेवटपर्यंत ओळखता आलं नाई, तं तिची छाती अशी फुगली का काही पुसू नका.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी अन् पोट्ट्या बाईले नदीवर शिरवाले, पान्यात सोडाले गेलो. मले भेव होतं, ऐन टायमाले माहा हात मागं येईन. आला नाई. माती पान्यात ढिली झाली, पानी थोडं गढूळ झालं, अन् वाहतं झालं. तिथीच काठावर मी हात जोडले. माय का नेली, हे देवाले पुसावं असं मनात होतं. त्या दिवशी पुसलं नाई. एवढंच म्हटलं, माय तुहीच होती, वीस वर्षं माह्याकडं ठेवली, तुहे उपकार हायेत. अन् पोट्ट्यायच्या मागं मागं घरी आली.