नादारीच्या यादीतलं बारावं नाव

नादार व्हायलासुद्धा ऐपत लागते. कोर्ट फी, वकील, रजिस्टर नोटिसांची तिकिटं, वर्तमानपत्रातली जाहिरात, हे सगळं ज्याला परवडेल तोच कोर्टासमोर उभा राहून म्हणू शकतो, की साहेब, माझ्याजवळ काही नाही. हे ज्ञान मला नव्वदच्या दशकात मिळालं. तेव्हा मी नगरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसायचो, आणि ज्ञान देणारा होता माझा सख्खा मामा.

मामाचं कोल्हारला, मनमाड रस्त्याच्या कडेला, टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, एवढाच धंदा. उसाचे ट्रक-ट्रॅक्टरवाले चार हंगाम उधारीवर टायर घेऊन गेले ते गेलेच. रबर पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं मात्र कोर्टातून हुकूमनामा आणला: पैसे भरा, नाहीतर दिवाणी तुरुंगात बसा. सुटायचा रस्ता एकच उरला होता, नादारी. म्हणजे कोर्टानं शिक्का मारून दिलेलं दिवाळं.

मामाचे वकील तीस वर्षं काळा कोट घालत होते, पण नादारीचं नाव काढताच त्यांनी पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला.

"मी कधी केली नाही बुवा नादारी. रेकॉर्डमधून एखादा जुना अर्ज काढ. त्याच्यावरून आपला बेतू."

मी शोधाचा अर्ज टाइप केला, तिकीट चिकटवलं आणि रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. काय जागा होती महाराज! मी रात्री हौशी नाटकं करणारा माणूस, मला तर नेपथ्यच सापडलं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि भर दुपारी जळणारा एकच पिवळा दिवा. त्याखाली रेकॉर्ड कीपर.

"नादारीचं रजिस्टर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण गेलं?"

"गेलं कुणी नाही. मामा अर्ज करणारेत."

"तेच म्हणतो मी."

रजिस्टर वहीएवढं पातळ निघालं. त्यातून आम्ही एका तेलघाणीवाल्याची फाइल शोधली, माझ्या जन्माच्या आधीची. अर्ज नमुनेदार होता. देणेकऱ्यानं सगळ्या सावकारांची यादी शपथेवर द्यायची असते, तशी ती होती. फक्त त्यात मेव्हण्याचं नाव नव्हतं. नातं दुखावू नये म्हणून वगळलेलं. सुनावणीला मेव्हणा स्वतःच उठून उभा राहिला होता. अर्ज फेटाळला, आणि खोट्या यादीबद्दल शिक्षा झाली. शेवटचं पान तुरुंगाची पावती होतं: इसम एक, धोतर एक, सदरा एक, पोहोचले.

"पुढचं पान?" मी विचारलं.

"पुढचं पान नसतं," रेकॉर्ड कीपर म्हणाले आणि गठ्ठ्याची गाठ मारली.

एवढं नाट्य हाती लागल्यावर मी गप्प बसणार होतो होय? रविवारी कोल्हारला गेलो. दुकानात थंड पडलेल्या बॉयलरशेजारी टायरवर उभा राहिलो, डोक्याला टॉवेल गुंडाळून जज्ज झालो, मग मेव्हणा झालो, मग जेलर. "इसम एक! धोतर एक!" मामा पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि त्यानं खिशातून आपली यादी काढली. अकरा नावं होती.

बारावं मला माहीत होतं. मामाची एकुलती एक मुलगी सोनईला दिलेली. तिच्या सासऱ्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मामाला नव्या साच्यासाठी पैसे दिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द.

"व्याह्याला कोर्टाची नोटीस धाडू?" मामा म्हणाला. "पोरगी नांदतीय तिथं. पोस्टमन आवाज देनार, सारी आळी बघनार, आन् सही कोन करनार? दारात पोरगीच असती माझी."

"आणि व्याही उठून उभे राहिले तर?"

"तुरुंगाचं काय न्हाई रे. पोरीला कुनी वाकडं बोललं न्हाई पायजे, बास."

मी पुन्हा एकदा जेलर करून दाखवला. आज आठवलं की जीभ चावतो.

शेवटी ठरलं, की मामानं आधी स्वतः सोनईला जायचं, व्याह्यांना समोरासमोर सांगायचं, मगच नाव घालायचं. मामा गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या टाइपरायटरपाशी येऊन बसला.

"सांगितलं?"

"सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"काय म्हन्नार? पुरनपोळी केलती. आग्रह लई." आणि तो लिंबाकडे बघायला लागला.

त्यानं सांगितलं नव्हतं. पाहुणा म्हणून पाटावर बसवलेल्या माणसाला, समोर लेक वाढत असताना, तसं बोलता येत नाही. मला ते तिथंच कळायला हवं होतं. मी बारावं नाव टाइप केलं. सुबक, एकही खाडाखोड नाही.

सुनावणीच्या दिवशी अकरा सावकार व्हरांड्यात एकमेकांना तंबाखू देत बसले होते. सोनईचे व्याही एकटे, खांबाशी उभे. परीटघडीचं धोतर, टोपी, हातात ती नोटीस. मामानं हात जोडले.

"राम राम, पाव्हनं."

"राम राम." व्याह्यांचा आवाज मऊ होता. मला तो आवडला नाही. "त्या दिशी तुमी जेवला. सूनबाईनं तिसरी पोळी वाढली तुमाला. तवाच सांगायचं हुतं. परवा तिनंच सही करून घेतलं हे. आतून मला वाचून दाखवलं तिनं. मला वाचता येत न्हाई ना."

मामाचे हात जोडलेलेच राहिले.

आत पट्टेवाल्यानं तीनदा पुकारा केला. एकेकानं आपलं येणं सांगितलं. व्याह्यांची पाळी आली तेव्हा ते उठले आणि जज्जसाहेबांकडे न बघता, मामाकडे बघत बोलले.

"माजं या मानसाकडं कायबी न्हाई. नाव काढून टाका."

वकिलांनी माझ्या मांडीवर थाप मारली. एक सावकार कमी! बाहेर येऊन त्यांनी चहा सांगितला. मामानं कपाला हात लावला नाही. "व्याही म्हन्ला न्हाई," तो एवढंच म्हणाला. "मानूस म्हन्ला."

अर्ज मंजूर झाला. तुरुंग टळला. पुढच्या आठवड्यात कोर्टानं नेमलेल्या रिसिव्हरचा कारकून मामाच्या घरी जप्तीची यादी करायला आला. स्वयंपाकाची भांडी आणि अंथरुणं सोडून सगळं लिहायचं होतं. मीही मदतीला होतो. तो शिलाई मशिनपाशी पोचला, तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि मामेबहीण उतरली. सोबत कुणी नव्हतं. कंडक्टरनं टपावरून तिची लोखंडी पेटी उतरवून दिली. ती उचलायला मामा आणि मी, दोघं लागलो.

पेटी ओसरीवर ठेवली. आतली भांडी वाजली. बहिणीनं मामाच्या पायांना हात लावला आणि ती आत गेली.

कारकून भला माणूस होता. त्यानं पेन्सिल कानामागून काढली.

"ही धरायची का?" त्यानं विचारलं. "पाहुण्यांचं सामान आपण धरत नाही. ताई किती दिवसांसाठी आल्यात?"

मामानं आत पाहिलं. बहीण पदर खोचून चुलीपुढे बसली होती. कारकून पेन्सिल धरून थांबला.