धुळाक्षरांचा वचपा

शब्दकोशात ‘धुळाक्षर’ या शब्दापुढं साधा अर्थ दिलाय: धुळीत गिरवायचं अक्षर. पूर्वी पाट्या नव्हत्या, तेव्हा फळीवर धूळ पसरून सगळीच पोरं अशी शिकायची. ते वाचून माझं डोकंच फिरलं. बाहत्तरच्या दुष्काळात मी पहिलीत गेले तेव्हा येरमाळ्याच्या बाजारात पाट्या मिळत होत्या. आई खडी फोडायला जायची, पण तिनं माझ्यासाठी नवीकोरी पाटी आणली होती.

आमच्या शाळेची रीत अशी, की पहिल्या दिवशी गुरुजींनी पोराचा हात हातात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं. त्याशिवाय अक्षराला वळण लागत नाही म्हणत. गुरुजींनी सगळ्यांचे हात धरले. माझ्यापाशी येऊन थबकले. आम्ही बौद्ध, शिवाशिव कागदावरून गेली होती, त्यांच्या बोटांतून गेली नव्हती. त्यांनी छडीच्या टोकानं जमिनीवर ‘अ’ काढला आणि म्हणाले, “गिरव.” माझी पाटी मांडीवर कोरीच राहिली. वर्षभर मी व्हरांड्याच्या कडेला धुळीत शिकले. वारा सुटला की लिहिलेलं जायचं. ‘अक्षर’ म्हणजे जे कधी नासत नाही ते, हे पुढं वर्गात शिकवलं तेव्हा मला त्या गुरुजींच्या तोंडावर धूळ फेकावीशी वाटली.

‘कित्ता’ हा शब्द फारशीतून आला. सुंदर अक्षराचा नमुना, समोर ठेवून उतरवायचा. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. फळ्यावरचा त्यांचा कित्ता मी लांबूनच गिरवला आणि त्यांच्याहून देखणं अक्षर कमावलं, निव्वळ खुन्नस म्हणून. त्याच अक्षरावर गावच्या सोसायटीत मला कारकुनाची जागा मिळाली.

तोवर गुरुजी निवृत्त झाले होते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. सभासदत्व मुलाच्या नावावर करायचं म्हणून मुलानंच त्यांना ऑफिसात आणून खुर्चीत बसवलं.

“आंगठा द्या गुरुजी, चालतंय की,” चेअरमन म्हणाले.

“अंगठा नाही,” गुरुजी जड जिभेनं म्हणाले. “गावाला सही मी शिकवलीय.”

“मग कुणीतरी हात धराया पायजे. पोरगा वारस हाय, त्यानं धरून चालत न्हाय.” चेअरमननी माझ्याकडं बघितलं. “तूच धर गं पोरी.”

मी उठले. गुरुजींचा हात गार होता. तो मागं घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि मला तेच हवं होतं. चार माणसांसमोर मी तो घट्ट धरला. एकेक अक्षर, काना-वेलांटीसकट, मुद्दाम सावकाश काढलं. त्यांनी मान दुसरीकडं वळवली, तशी मी म्हणाले, “गुरुजी, इकडं बघा. वळण चुकंल.”

ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, दया नाही आली? नाही आली. लई बरं वाटलं. तो अर्ज अजून सोसायटीच्या दप्तरात आहे, आणि त्याच्यावर गुरुजींच्या नावाची सही माझ्या अक्षरात आहे.