वेहबी उस्तांचा हातगुण

वेहबी उस्तांना मी पहिल्या पाच मिनिटांत मोडीत काढलं होतं. आमच्या तुर्कस्तानात मुरलेल्या कारागिराला उस्ता म्हणतात. एस्किशेहिरच्या प्रयोगशाळेत माझं काम एकच. फिरत्या चकतीवर पोलादी गोळी टेकवायची आणि यंत्र दाखवेल तो घर्षणाचा आकडा लिहून घ्यायचा. आकडा जितका लहान, तितकी चकती सुळसुळीत. चमत्कारी लेप घेऊन येणारे इतके पाहिले होते की 'याला तेल लागत नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकंच उठायचं.

उस्ता बंदिर्म्याहून बसने आले होते. तिथे बंदरामागे त्यांचं लेथचं दुकान. बुर्साच्या रेशीममागांना लागणाऱ्या पोलादी कड्या ते बनवायचे. मागावर तेल नको असतं, एक थेंब उडाला की ताग्याला डाग. म्हणून उस्ता कडीला बोरिक पावडर चोळायचे आणि भट्टीत ठेवायचे. पावडर वितळून पातळ, काचेसारखा थर बसायचा आणि कडी वर्षभर बिनतेलाची फिरायची. दुसऱ्या कुणी केली तर किंचाळायची. वेहबीच्या हाताला गुण आहे, असं अख्खं बंदर म्हणायचं. पण बुर्साच्या गिरणीच्या नव्या मालकाला हातगुण नको होता, प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा कागद हवा होता. तो मिळाला नाही तर कड्या दुसरीकडून येणार होत्या. चाळीस वर्षांचं नाव माझ्या यंत्राखाली आलं होतं.

त्यांनी पिशवीतून तोच लेप दिलेल्या चार चकत्या काढल्या. भट्टीतून निघताच नायलॉनमध्ये बंद केलेल्या, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. समुद्राकाठचा माणूस गंजाला भितोच. त्यातून ही परीक्षा, म्हणून जास्तच जपलं होतं.

मी गोळी टेकवली. चकती अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतून लोक डोकावले. शून्य पूर्णांक सहा. कोरडं पोलादही असंच वागतं.

"उस्ता, हातगुण घरीच विसरलात वाटतं," मी म्हटलं. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

ते चिडले नाहीत. मी चहा मागवला, तो त्यांनी तसाच निवू दिला.

"माझ्या दुकानात असं होत नाही, पोरी. अशा कड्या फक्त सेयफीच्या ओरडायच्या. माझा मेहुणा. अकरा वर्षं झाली, हाकलून दिला त्याला. भट्टी माझी, पावडर माझी, पण त्याच्या हाताला गुणच नव्हता."

"काय चुकायचं त्याचं?"

"चुकायचं काही नाही. उलट भारी टापटीप. कडी जरा निवली की मेणकागदात गुंडाळून डब्यात. मी डब्यातून काढून फिरवून बघायचो. ओरडली की भंगारात."

"आणि तुमची कडी?"

"ती खिडकीत ठेवायची. चहा प्यायचा, जेवायचं, मग फिरवायची."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"समुद्राच्या."

मी उठले. भट्टीतून आलेला थर कोरडा ठणठणीत असतो. हवेतली ओल त्याला लागली की वर बोरिक ॲसिडची नवी साय धरते आणि तिचे पापुद्रे पत्त्यांच्या नव्या जोडासारखे एकमेकांवरून सरकतात. थराला पाणी लागलं तर तो धुऊन जातो, ओलसर हवा मात्र हवीच. आमच्याकडे थंडीत हीटरमुळे हवा कोरडी, त्यात उस्तांच्या त्या पुड्या. मी दुसरी चकती पेटीत ठेवली, बाजूला ओलं फडकं ठेवलं, आणि आम्ही जेवायला गेलो.

परत येऊन गोळी टेकवली. यंत्र बंदच आहे असं वाटलं, इतकं शांत. शून्य पूर्णांक शून्य पाच.

"झालं उस्ता, तुमचा कागद पक्का," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

उस्ता आपल्या तळहातांकडे बघत होते. "म्हणजे सेयफीच्या कड्या चांगल्या होत्या?"

आता सांगता येणार नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. "चांगल्या होत्या," मी म्हटलं. "नुसतं उघड्या हवेत ठेवून थांबायला हवं होतं."

त्यांनी फोन मागितला. सेयफी आता बंदिर्म्याच्या धक्क्यावर बोटींचे दोर बांधायचा, फोन तिथल्या चहावाल्याने उचलला आणि त्याला हाक मारली. त्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"बोला दाजी. ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. सेयफी, तुझ्या कड्या बरोबर होत्या. मीच थांबलो नाही."

"मला माहीत आहे, दाजी. त्यातली एक मी घरी नेली होती. आठवडाभराने फिरवली, तर लोण्यासारखी फिरली."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बंदरभर तुमच्या हाताचं नाव होतं. ते मी कुठे घालवू? ताईला काय वाटलं असतं?"

फोन माझ्या हातात देऊन उस्ता खाली बसले आणि रुमालात तोंड धरून रडले. मी खिडकीकडे बघत राहिले.

कागदावर एक रकाना होता, लेप करणाऱ्याचं नाव. उस्तांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि तिथे आधी सेयफीचं नाव घातलं, त्याखाली आपलं.

"पण चकत्या तुम्ही केल्यात," मी म्हटलं.

"कळलं त्याला आधी," ते म्हणाले.

मी तो कागद तसाच शिक्क्याला पाठवला.